पँगाँगवरचे पिवळे दिवे

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना बसमध्ये, लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात आपल्याच अंगणातून करू. २ एप्रिल २०२२. गुढीपाडवा. संध्याकाळचे पावणेआठ वगैरे वाजले असतील. गुढ्या उतरवून झालेल्या, दुपारच्या श्रीखंडाची सुस्ती अजून अंगावर. आणि अचानक नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात लोक रस्त्यावर, गच्चीवर धावले. आकाशातून जळत्या दिव्यांची एक माळ सरकत चालली होती. शेपटीवाली, सावकाश, अगदी शांतपणे. ज्याच्या हातात फोन होता त्याने व्हिडिओ काढला. तुमच्यापैकी अनेकांच्या गॅलरीत तो अजून असेल.

मग अंदाज सुरू झाले. कुणी म्हणालं उल्का. कुणी म्हणालं विमान पडलं. कुणी थेट क्षेपणास्त्रावर गेलं. आणि त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक धातूची भलीमोठी रिंग सापडली. व्यास जवळजवळ तीन मीटर. आसपासच्या भागात धातूचे गोळेही मिळाले. अभ्यासकांनी कक्षांचा हिशेब लावला आणि बोट ठेवलं एका चिनी रॉकेटवर. लाँग मार्च ३बी जातीचं रॉकेट, फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेलं. त्याचा उरलेला टप्पा वर्षभर फिरून परत वातावरणात शिरला आणि आपल्या डोक्यावर जळाला, असा त्यांचा निष्कर्ष.

आता हे डोक्यात ठेवा. विदर्भात लोकांना वाटलं आकाशातली गोष्ट आहे, उल्का आहे. निघालं काय, तर चिनी यंत्र.

आजची गोष्ट याच्या बरोब्बर उलटी आहे. तिथे लोकांना वाटलं चिनी यंत्र आहे. आणि हे लोक म्हणजे गच्चीवर उभे असलेले तुम्ही-आम्ही नव्हेत. ते होते सीमेवर बंदूक घेऊन उभे असलेले भारतीय जवान.

जागा कुठली, वेळ कुठली

लडाख. पँगाँग सरोवर. हो, तेच. "थ्री इडियट्स" नंतर जिथे जाऊन प्रत्येकाने फोटो काढला ते निळं पाणी. पण पर्यटकांना दिसतो तो त्याचा एक तुकडा. हे सरोवर साधारण १३४ किलोमीटर लांब आहे, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १४ हजार फूट उंचीवर. त्यातला अंदाजे एक तृतीयांश भाग आपल्याकडे, बाकीचा चीनच्या ताब्यात. मधून जाते प्रत्यक्ष ताबारेषा, म्हणजे एलएसी. तिथे कुंपण नाही. ही रेषा नेमकी कुठून जाते यावर दोन्ही देशांचं एकमत नाही. आपण म्हणतो इथून, ते म्हणतात तिथून. म्हणून दोन्हीकडचे गस्तीपथक एकमेकांच्या "आपल्या" जमिनीवर जातात आणि भांडण होतं.

वर्ष २०१२. हे वर्षही साधं नव्हतं. १९६२ च्या युद्धाला पन्नास वर्षं होत होती. पँगाँगच्या दक्षिणेला चुशूलजवळ रेझांग ला नावाची खिंड आहे. १८ नोव्हेंबर १९६२ ला तिथे १३ कुमाऊँच्या एका कंपनीने, मेजर शैतान सिंह यांच्या हाताखालच्या सुमारे १२० जवानांनी, लढत लढत जवळजवळ सगळे प्राण दिले. त्या भागात ड्युटीवर असलेल्या जवानाला हा इतिहास पुस्तकात वाचायला लागत नाही. तो रोज त्याच डोंगरांकडे बघत असतो. आणि १९६२ चा एक धडा प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवलेला असतो. काय? तर, आपण गाफील राहिलो.

आता अशा जागी, अशा वर्षी, रात्री पहारा करणाऱ्या माणसाला पूर्वेकडच्या डोंगराआडून एक दिवा वर येताना दिसला तर तो काय करेल?

तो वायरलेस उचलेल. आणि त्याने तेच केलं.

सरोवरावर काय दिसत होतं

ऑगस्ट २०१२ पासून लडाखमधल्या चौक्यांवरून अहवाल यायला लागले. आयटीबीपीचे जवान होते, लष्कराचे होते. वर्णन बहुतेक सारखंच. पिवळसर गोळा. क्षितिजावरून, चीनच्या बाजूने वर येतो. सावकाश आकाश पार करतो. तीन ते पाच तास दिसतो आणि मग नाहीसा होतो. लेहला १४ व्या कोअरचं मुख्यालय आहे, तिथून ही माहिती दिल्लीला गेली. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अशा नोंदी शंभराच्या वर गेल्याचं नोव्हेंबरमध्ये छापून आलं.

लष्कराने हे हसण्यावारी नेलं नाही, हे आधी नीट लक्षात घ्या. त्यांनी तपास केला. त्या काळातल्या बातम्यांनुसार सप्टेंबरच्या शेवटी सरोवराजवळच्या एका डोंगरमाथ्यावर फिरतं रडार नेलं. सोबत स्पेक्ट्रम अॅनालायझर, म्हणजे आसपास कुठले रेडिओ संदेश येतात-जातात ते पकडणारं यंत्र. ड्रोन असेल तर त्याला कुणीतरी दुरून हुकूम देत असणार, तो सिग्नल सापडेल, असा विचार. विचार अगदी बरोबर.

निकाल? जवानाला डोळ्याने गोळा दिसतोय, पण रडारच्या पडद्यावर काहीच नाही. अॅनालायझर म्हणतोय, सिग्नल नाही. मग एक टेहळणी ड्रोन त्या दिव्याच्या दिशेने सोडला. तो जास्तीत जास्त जेवढं वर जाता येईल तेवढं गेला, पण दिवा काही हाती लागला नाही. पुढे तो दिसेनासाच झाला.

डीआरडीओला विचारलं. तांत्रिक गुप्तवार्तेचं काम करणाऱ्या एनटीआरओला विचारलं. ठोस उत्तर मिळालं नाही. रडारवर दिसत नाही म्हणजे वस्तू धातूची नसावी, असा एक तर्क निघाला. मग पुढे कुणी म्हणालं चिनी कंदील, कुणी म्हणालं मानसिक दबाव टाकायचा चीनचा डाव. आणि अर्थात, टीव्हीवर परग्रहवासी आले. ते आल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम पूर्ण होतच नाही.

प्रश्न संसदेपर्यंत गेला. तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ च्या हिवाळी अधिवेशनात उत्तर दिलं, त्याचा अर्थ असा की भारत-चीन सीमेवर अशा अनोळखी उडत्या वस्तू दिसल्याचा कुठलाही निर्णायक पुरावा नाही.

पण चौकीवरचा जवान काय करणार? त्याला तर दिवा रोज दिसतोय. नोंदी चालूच राहिल्या. फेब्रुवारी २०१३ पर्यंत पँगाँगजवळच्या ठाकुंग भागातून अशा ३२९ नोंदी झाल्या. त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू एलएसी ओलांडून आपल्या हद्दीत आली, असं लिहिलं गेलं.

१५५ घुसखोऱ्या! शब्द बघा. वहीत "दिवा दिसला" असं लिहिणं वेगळं आणि "घुसखोरी" लिहिणं वेगळं. पहिली नोंद म्हणजे निरीक्षण. दुसरी म्हणजे दुसऱ्या देशावरचा आरोप. आणि दोन्हीकडे अण्वस्त्रं आहेत.

एप्रिल २०१३

पुढे जाण्याआधी आणखी एक तारीख. १५ एप्रिल २०१३. लडाखच्या उत्तरेला, देपसांगच्या पठारावर, चिनी सैनिकांची एक तुकडी आली आणि तंबू ठोकून बसली. आपल्या मते ती जागा आपल्या हद्दीत, कित्येक किलोमीटर आत. आपणही समोर तंबू ठोकले. जवळजवळ तीन आठवडे दोन्ही सैन्यं समोरासमोर. मे महिन्याच्या सुरुवातीला वाटाघाटी होऊन प्रकरण मिटलं.

ते दिवे आणि हे तंबू यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण वातावरण कसं होतं ते कळावं म्हणून सांगितलं. जमिनीवर खरी घुसखोरी होत होती. मग आकाशातली खोटी कशावरून? असाच विचार कुणीही करेल. मीही केला असता.

खगोलशास्त्रज्ञ येतात

लडाखमध्येच, पँगाँगच्या दक्षिणेला, हानले नावाचं गाव आहे. तिथे डोंगरावर साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय खगोल वेधशाळा आहे. दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण तिथेच. ही वेधशाळा चालवते बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था. हजारो किलोमीटर दूर, बंगळुरूजवळच्या होस्कोटेत बसून उपग्रहामार्फत ही दुर्बीण फिरवतात. म्हणजे ज्या आकाशात जवानांना "ड्रोन" दिसत होते, ते आकाश या लोकांना हाताच्या रेषांसारखं पाठ.

लष्कराने या संस्थेला विचारलं. प्रा. तुषार प्रभू हे तिथले ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ, हानलेची वेधशाळा उभी करण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्यांनी पुढे वृत्तपत्रांना काम समजावून सांगितलं. प्रश्न एवढाच होता: ही वस्तू आकाशातली की पृथ्वीवरची? जुलै २०१३ मध्ये उत्तर जगभर छापून आलं.

एक होता गुरू. दुसरा होता शुक्र.

हो. पत्रिकेतला गुरू आणि पहाटेची शुक्राची चांदणी. आपल्या आज्या-पणज्या जिच्या भरवशावर उठून जात्यावर बसायच्या, तीच.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. नोव्हेंबर २०१२ च्या पहिल्या बातम्यांत असंही छापलं होतं की हानलेच्या खगोलशास्त्रज्ञांनी सप्टेंबरात तीन दिवस बघितलं आणि ग्रह-उल्का नाहीत असं सांगितलं. म्हणजे एकाच वेधशाळेच्या नावावर दोन उलट उत्तरं. मग विश्वास कशावर ठेवायचा? पहिलं उत्तर आलं होतं नाव न सांगणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडून. दुसरं शास्त्रज्ञाने स्वतःच्या नावानिशी दिलं. पण नावापेक्षा मोठी गोष्ट अशी की दुसरं उत्तर आपल्याला स्वतः तपासता येतं. चला, तपासूच.

हिशेब करून बघू

२०१२ च्या दुसऱ्या सहामाहीत आकाशात काय होतं? जूनमध्ये शुक्र सूर्याच्या बिंबावरून सरकला होता. ते शुक्राचं अधिक्रमण शाळेत चष्मे लावून बघितलेलं आठवत असेल. त्यानंतर तो पहाटेच्या आकाशात आला. ऑगस्टच्या मध्याला तो सूर्यापासून सगळ्यात लांब दिसत होता. म्हणजे सूर्योदयाच्या तीनेक तास आधी पूर्वेला उगवायचा, वर चढत राहायचा आणि उजाडलं की दिसेनासा व्हायचा.

आता जवानांचं वर्णन परत वाचा. क्षितिजावरून वर येतो, काही तास दिसतो, नाहीसा होतो. आणि पँगाँगच्या चौकीवरून पूर्व म्हणजे कुठली बाजू? चीनची.

गुरूचं बघा. ऑगस्टच्या मध्याला तो रात्री एकच्या सुमारास उगवत होता. ३ डिसेंबरला तो पृथ्वीवरून बघताना सूर्याच्या बरोबर समोर आला, म्हणजे सूर्य मावळला की इकडे गुरू उगवला, आणि त्या दिवसांत तो वर्षातला सगळ्यात तेजस्वी. चंद्र-शुक्र सोडले तर रात्रभर त्याच्याइतकं झळाळणारं दुसरं काही नाही.

एकपासून संध्याकाळपर्यंत तो कसा आला? तारे रोज साधारण चार मिनिटं आधी उगवतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्याचा हा परिणाम. गुरूही ढोबळ मानाने तेच वेळापत्रक पाळतो. रोज चार मिनिटं म्हणजे महिन्याला दोन तास. चार महिन्यांत आठ तास. रात्री एकमधून आठ तास वजा केले की संध्याकाळचे पाच. जुळलं की नाही?

हीच ती किल्ली. प्रत्येक रात्री फक्त तीन गोष्टी लिहा: किती वाजता दिसला, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती अंश वर. महिनाभर लिहा. वस्तू ताऱ्यांच्या सोबतीने रोज चार मिनिटं लवकर येत असेल, तर ती आकाशातली. जगातला कुठला गुप्तहेर आपला ड्रोन चार-चार मिनिटं आधी, न चुकता, महिनोन् महिने सोडेल?

मग फसले कसे?

असं वाटेल की गावाकडून आलेल्या पोराला शुक्र ओळखू येऊ नये? येतो. पण तो आपल्या गावातला शुक्र. १४ हजार फुटांवर हवा विरळ, कोरडी, धूळ नाही, दूरदूरपर्यंत विजेचा दिवा नाही. तिथे ग्रह असा झळकतो की आपण खाली बघितलेला हाच, यावर विश्वास बसत नाही. त्यात तो डोंगराच्या कडेवरून अचानक वर येतो. काळ्या डोंगरावर कुणीतरी दिवा धरल्यासारखा.

दुसरं म्हणजे डोळा. आज रात्री हा प्रयोग करा. खोलीत पूर्ण अंधार करा. राऊटरचा किंवा टीव्हीचा एकच बारीक दिवा दिसेल एवढंच राहू द्या. त्याच्याकडे टक लावून बघा. मिनिटाभरात तो हलायला लागेल. डावीकडे, उजवीकडे, कधी गोल. दिवा जागेवरच आहे. आजूबाजूला तुलना करायला काही नसलं की डोळे आणि मेंदू मिळून हा भास तयार करतात. आता राऊटरच्या जागी गुरू ठेवा, खोलीच्या जागी पँगाँग ठेवा, आणि "तिकडून शत्रू येऊ शकतो" हे वाक्य डोक्यात ठेवा.

आणि तिसरी गोष्ट, जी मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. यंत्रांनी उत्तर दिलं होतं! रडार म्हणालं, इथे काही नाही. अॅनालायझर म्हणाला, कुणी बोलत नाहीये. ड्रोन वर गेला आणि वस्तू तेवढीच लांब राहिली. तीन यंत्रं, तीन वेगवेगळ्या पद्धती, आणि तिघांचं म्हणणं एकच: तुमच्या आसपास अशी वस्तू नाही. डिसेंबरात गुरू पृथ्वीपासून सुमारे ६१ कोटी किलोमीटरवर होता. त्याचा प्रकाश इथे पोचायला ३४ मिनिटं लागत होती. त्याच्याकडे काही हजार फूट वर जाणं म्हणजे मुंबईहून दिल्ली जवळ यावी म्हणून पाटावर उभं राहण्यासारखं. तेही जास्तच झालं.

पण "यंत्राला दिसत नाही" याचा अर्थ "तिथे नाही" असा न लावता "लपवाछपवी करणारं काहीतरी जबरदस्त आहे" असा लावला गेला. उत्तर समोर होतं. प्रश्न चुकीचा धरून बसल्यामुळे ते उत्तर वाटलंच नाही.

हे फक्त आपलंच नाही

जुलै २०१३ मध्ये परदेशी माध्यमांनी या बातमीची चांगलीच मजा घेतली. आपल्याकडेही विनोद झाले. म्हणून थोडं बाहेर बघू.

फेब्रुवारी १९४२. पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला होऊन तीन महिनेही झाले नव्हते. २४-२५ फेब्रुवारीच्या रात्री लॉस एंजेलिसवर शत्रूची विमानं आल्याचा इशारा झाला. अमेरिकी विमानवेधी तोफांनी आकाशात १४०० हून अधिक गोळे डागले. सकाळी बघितलं तर एकही जपानी विमान पडलेलं नाही, कारण एकही आलंच नव्हतं. पण पाच माणसं मेली. कुणी अंधारातल्या अपघातात, कुणी हृदयविकाराने. पुढे अमेरिकी हवाई दलाच्या इतिहासकारांनी याचं खापर फोडलं ते हवामानाच्या फुग्यांवर आणि युद्धाच्या तणावावर.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे. ७ जानेवारी १९४८. अमेरिकेतलं केंटकी राज्य. आकाशात काहीतरी मोठं, चमकणारं दिसलं. कॅप्टन थॉमस मँटेल यांचं मस्टँग विमान त्याच्या मागे गेलं. वर, आणखी वर. विमानात ऑक्सिजनची सोय नव्हती. ते बहुधा बेशुद्ध झाले, विमान कोसळलं. वय २५. हवाई दलाने आधी काय सांगितलं, माहितीये? शुक्र! पण भर दिवसा शुक्र असा मोठा, भरीव दिसत नाही. लोकांना ते पटलं नाही. नंतर जास्त पटणारा खुलासा पुढे आला: तो बहुधा स्कायहूक नावाचा प्रचंड मोठा फुगा होता. अमेरिकी नौदलाचा गुप्त प्रकल्प, इतका गुप्त की मँटेलना त्याची कल्पनाच नव्हती.

म्हणजे बघा, "ग्रह असेल" हे उत्तरसुद्धा आपोआप खरं होत नाही. तेही तपासावंच लागतं. लडाखमध्ये ग्रह होता म्हणून सगळीकडे ग्रहच असतो असं नाही.

मँटेल प्रकरणात सल्ला देणारे खगोलशास्त्रज्ञ होते जे. अॅलन हायनेक. अमेरिकी हवाई दलाने पुढे १९५२ पासून प्रोजेक्ट ब्लू बुक चालवला, तिथेही हायनेक सल्लागार. १९६९ मध्ये तो बंद झाला तेव्हा हिशेब असा होता: एकूण १२,६१८ नोंदी, त्यातल्या ७०१ ची ओळख पटली नाही. बाकीच्यांत तारे, ग्रह, फुगे, विमानं. आणि हायनेक? जे सुरुवातीला सगळं झटकून टाकायचे, तेच नंतर म्हणायला लागले की हवाई दल नीट तपास करत नाही, लोकांना गप्प बसवण्यासाठी उत्तरं शोधतं. त्यांचं भांडण परग्रहवासी आहेत की नाहीत यापेक्षा तपासाच्या दर्जाशी होतं.

गोळी झाडायची की नाही?

आता अलीकडचं. ४ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेने एक खराखुरा चिनी फुगा पाडला. तो कित्येक दिवस त्यांच्या देशावरून गेला होता, म्हणून टीका झाली. मग काय, पुढच्या आठवड्यात, १० ते १२ फेब्रुवारीच्या तीन दिवसांत अलास्का, कॅनडातलं युकॉन आणि ह्यूरन सरोवर इथे आणखी तीन वस्तू लढाऊ विमानांनी क्षेपणास्त्रं सोडून पाडल्या. नंतर राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी सांगितलं की हे बहुधा खासगी कंपन्यांचे, हौशी लोकांचे किंवा संशोधन संस्थांचे फुगे असावेत.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला मणिपूरमध्ये इंफाळ विमानतळावर आकाशात अनोळखी वस्तू दिसली. विमानांची ये-जा थांबवली. हवाई दलाने राफेल पाठवलं, शोध घेतला, काही सापडलं नाही. पण हवाई दलाने प्रतिसादाची यंत्रणा सुरू केल्याचं जाहीर केलं, शोध घेतला आणि गोळी झाडली नाही.

मला वाटतं, लडाखच्या गोष्टीतही हेच सांगायचं राहून गेलं. विनोद करताना आपण विसरलो की सहा महिन्यांत ३२९ वेळा "शत्रूचं यान" दिसूनही एकाही जवानाने असं काही केलं नाही ज्यातून युद्ध पेटेल. रात्रीच्या त्या थंडीत तो उभा राहिला, दिसलं ते लिहिलं, वर कळवलं. त्याचं काम ते होतंच. ओळख पटवणं हे त्याच्या वरच्या यंत्रणेचं काम होतं. चूक झाली असेल तर ती तिथे. नोंदी ढिगाने जमल्या, पण आकाशाचं पंचांग माहीत असलेल्या माणसांचं ठाम उत्तर यायला फार वेळ लागला. तोवर "दिसलं" चं "घुसलं" झालं होतं.

मग जवानाने न कळवलेलं बरं का? मुळीच नाही. १५५ खोट्या घुसखोऱ्यांची लाज परवडली. एक खरी घुसखोरी "जाऊ दे, शुक्र असेल" म्हणून सोडून दिली तर परवडत नाही. म्हणून नोंद झालीच पाहिजे, आणि नोंदीनंतर तपासही झालाच पाहिजे. यातलं एक गाळलं की दुसरं धोक्याचं होतं.

आणि हे फक्त सैन्याला लागू नाही. पाडव्याच्या रात्री आपल्या गटांवर जे फिरलं ते आठवा. दिवा दिसला, इथपर्यंत प्रत्येकजण खरं सांगत होता. त्यापुढचं वाक्य, "क्षेपणास्त्र आहे", "हल्ला आहे", हे कुणी बघितलं नव्हतं. ते आपण जोडलं होतं.

तर आजचा गृहपाठ. गच्चीवर जा. आकाशातला सगळ्यात झळझळीत, न लुकलुकणारा ठिपका शोधा. तो एखाद्या इमारतीच्या किंवा झाडाच्या कडेला टेकतो ती वेळ लिहून ठेवा. अॅप उघडू नका, आधी स्वतः लिहा. बरोबर एका आठवड्याने त्याच जागी उभे राहून परत बघा. साधारण अर्धा तास आधीच तो तिथे पोचलेला असेल, तर अभिनंदन. जे ठरवायला सहा महिने लागले, ते तुम्ही एका वहीवर केलंत.

आणि नसेल, तर? तर मग मात्र आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागाला विषय मिळेल!

भेटू लवकरच. तोपर्यंत वर बघत राहा.